परिचय चालू असताना

रायपूरला थंडी पडल्याचं समता कॉलनीत खांबांवरून कळतं. दिवाळीच्या माळा उतरल्या, तुळशीची लग्नं लागली, की एकीकडे मंगल भवनांच्या कमानी झगमगू लागतात आणि दुसरीकडे खांबाखांबांवर परिषदांचे फलक चढतात. लग्नांचं समजण्यासारखं आहे, त्यांना मुहूर्त असतो. परिषदांनाही मुहूर्त असतो हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं, कारण तो पंचांगात सापडत नाही, हिशेबनिसाच्या वहीत सापडतो. एकतीस मार्चच्या आत अनुदान खर्ची पडायला हवं, म्हणून माघ-फाल्गुनात, आंब्याला मोहोर येतो त्याच सुमाराला, संशोधनालाही बहर येतो. थंडी सरता सरता हा बहर इतका दाट होतो, की एकाच खांबावर वर उपवर-वधू मेळावा आणि खाली राष्ट्रीय परिषद असे दोन फलक एकमेकांना खेटून दिवस काढतात.

आमची कॉलनी ह्या बहराच्या वाटेवरच वसली आहे. जी. ई. रोडने भिलाईच्या अंगाने निघालं की थोड्याच अंतरात नागार्जुनाचं नाव मिरवणारं सायन्स कॉलेज, 1956 साली पायाभरणी झालेलं आणि आता एन. आय. टी. म्हणवणारं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि 1964 सालचं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ अशी विद्येची रांगच लागते. गल्ल्यांत लहानमोठी कॉलेजं आहेत ती वेगळीच. त्यामुळे फलकांना तोटा नाही. मजकूरही बहुधा ठरलेला: ‘शोध, नवाचार एवं जनसहभागिता’. ह्या तिन्ही शब्दांच्या वर मान्यवरांचे मोठे फोटो आणि खाली, गोल चौकटींत, बीजभाषण करणारे वक्ते. ह्या गोल फोटोंकडे मी रस्त्यात थांबून बघत राहते. फार हळवे फोटो असतात ते. केस काळे, गाल भरलेले, डोळ्यांत आत्ताच कुठलीतरी शिष्यवृत्ती मिळाल्याचा ओलावा. पाहुण्यांना आणायला माना विमानतळावर गेलेली मुलं हा फोटो मोबाइलवर घेऊन दारात उभी राहतात, आणि मग फोटोतल्या माणसाचे वडील बाहेर येतात.

ह्या सोहळ्याशी माझा संबंध एवढाच, की मी परिचय करून देते. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या कार्यक्रमांची सूत्रं सांभाळली, आणि आवाज अजून टिकून आहे. दोन गल्ल्यांवर राहत असल्यामुळे मला मानधन द्यावं लागत नाही आणि गाडीही पाठवावी लागत नाही. ‘मॅडम, बस पाँच मिनट का परिचय’ असा फोन येतो, आणि मी इस्त्रीची साडी काढते. परिचय करून देणाऱ्याची जागा मंचाच्या कडेला, लाकडी पोडियमपाशी असते. समोरच्या प्रेक्षकांना मंचावर पाच-सहा माणसं एका रांगेत दिसतात. मला मात्र पाहुण्यांचा चेहरा हातभर अंतरावरून, बाजूने दिसतो. कागदावरचा मजकूर मला पाठ असतो. तेव्हा वाचता वाचता मी तो चेहरा बघते. माझ्या उतारवयाचा हाच एक अभ्यासविषय आहे म्हणा ना.

स्वतःची स्तुती पाच मिनिटं सलग, ध्वनिक्षेपकावरून, अनोळखी माणसांसमोर ऐकताना चेहऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. हसावं तर गर्व दिसतो, गंभीर राहावं तर दुखणं दिसतं. समोर बघावं तर पहिल्या रांगेतल्या कोणाची तरी जांभई अंगावर येते. म्हणून बहुतेकांची नजर आधी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे जाते आणि ते तिच्यावरचं लेबल वाचू लागतात. माझ्या अनुभवाने सांगते, देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बाटलीवरचा मजकूर जितक्या एकाग्रतेने वाचला आहे, तितक्या एकाग्रतेने तो छापणाऱ्यानेही वाचला नसेल. काही जण वही काढून टिपणं घेऊ लागतात. एकदा मी चोरून पाहिलं, तर एका थोर रसायनशास्त्रज्ञांनी माझ्या परिचयाच्या वेळी वहीत एक बगळा काढला होता, एका पायावर उभा, चोच छातीत खुपसलेला. आणि खरं सांगायचं तर तेही तेव्हा तसेच बसले होते. काही जण आपलंच नाव ऐकून हळूच मान डोलावतात, जणू कोणा तिसऱ्याच माणसाविषयी चाललं आहे आणि तो माणूस आपल्यालाही बरा वाटतो. पण ह्या साऱ्या तऱ्हा पहिल्या दोन मिनिटांच्या. तिसऱ्या मिनिटाला, मी पेटंटांपाशी पोचते तेव्हा, चेहऱ्यावरचं सगळं गळून पडतं आणि खाली एक थकलेला, जरासा घाबरलेला मुलगा उरतो, अंतरपाटामागे उभ्या असलेल्या नवरदेवासारखा: सगळं आपल्यासाठीच चाललं आहे, पण आपल्याला कोणी काही विचारत नाही.

हा परिचय येतो कुठून, हेही सांगायला हवं. तो पाहुण्यांकडूनच येतो. आठवडाभर आधी बायोडेटा मागवला जातो, आणि तो बायोडेटा नोकरीसाठी, बढतीसाठी, प्रकल्पासाठी असा वेळोवेळी वाढत गेलेला असतो. त्यात कधी काही वजा होत नाही. ओढ्याकाठच्या वडासारख्या त्याला पारंब्या फुटत जातात, आणि मूळ खोड कुठलं हे शोधावं लागतं. किती शोधनिबंध, किती परदेशवाऱ्या, किती विद्यार्थ्यांना पीएच. डी. मिळाली, कोणकोणत्या समित्यांवर काम केलं. शेवटी एका कोपऱ्यात ‘आवड: बासरी’ असं लिहिलेलं. मला त्या बासरीपाशी थांबायचं असतं. हा माणूस कधी वाजवतो, सकाळी की रात्री, घरचे काय म्हणतात, हे विचारावंसं वाटतं. पण आयोजक खालून मनगटावर बोट ठेवून खूण करतात, कारण वेळ कधीच संपलेली असते. दीपप्रज्वलनात वात पेटत नाही म्हणून पाच मिनिटं गेलेली असतात, मग नरेंद्र देव वर्मांचं राजगीत, मग रोपटी देऊन स्वागत, मग ज्यांचं स्वागत राहून गेलं त्यांचं स्वागत. फलकावर पाऊण तासाचं असलेलं बीजभाषण अशा रीतीने वीस मिनिटांवर येतं, आणि पुण्याहून, मुंबईहून, बंगळुरूहून केवळ ह्या वीस मिनिटांसाठी आलेला माणूस उठून पहिलं वाक्य म्हणतो: ‘वेळेअभावी मी थोडक्यात बोलेन.’

लंडनला, आल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, मायकेल फॅरडेने सुरू केलेली शुक्रवारच्या व्याख्यानांची परंपरा आहे. तिथली रीत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परिचयकर्ती म्हणून माझ्या पोटात गोळाच आला. तिथे परिचय नसतो. घड्याळाचा ठोका पडला की दार उघडतं, वक्ता आत येतो आणि ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ सुद्धा न म्हणता थेट विषयाला हात घालतो. तास भरला की थांबतो. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे व्याख्यानाआधी काही वेळ वक्त्याला एका खोलीत बंद करून ठेवतात. आख्यायिका अशी, की 1846 साली चार्ल्स व्हीटस्टन हा बुजरा शास्त्रज्ञ ऐन वेळी पळून गेला, तेव्हापासून ही खबरदारी. पळून जाण्याची कथा इतिहासकार फारशी मानत नाहीत. मात्र त्या एप्रिलमध्ये फॅरडेला व्हीटस्टनच्या उपकरणाविषयी बोलावं लागलं, ते बोलणं लवकर आटोपलं, आणि उरलेल्या वेळात करायचं काय म्हणून तो प्रकाशाविषयी मनातले काही कच्चे तर्क बोलून गेला, एवढं खरं. प्रकाश म्हणजे विद्युत आणि चुंबकाच्या बलरेषांमधली थरथर असेल का, असा काहीसा तो तर्क. पुढे मॅक्सवेलने गणित मांडून जे सिद्ध केलं, त्याची चाहूल ह्या उरलेल्या वेळात होती. आमच्याकडे उरलेला वेळ नावाची गोष्टच नसते, म्हणून आमच्या मंचावर अशी चाहूल लागायची शक्यता कमी. आणि पळण्याचं म्हणाल, तर परिचय चालू असताना दाराकडे गेलेली नजर मी पुष्कळदा पाहिली आहे. खोली बंद करायची गरज पडत नाही. गळ्यात हार आणि खांद्यावर शाल असलेला माणूस तसाही फार लांब पळू शकत नाही.

परिचयाची ही आवड मला वडिलांकडून आली असावी. 1981 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या रायपूरला भरलं आणि अध्यक्ष होते गंगाधर गाडगीळ. बिंबाजी भोसल्यांच्या मागोमाग अठराव्या शतकात इकडे आलेली, मग रेल्वेच्या, कचेऱ्यांच्या, शाळांच्या निमित्ताने येत राहिलेली मराठी घरं त्या दिवसांत अचानक दारात रांगोळ्या काढून बसली होती. शेजारच्या अग्रवालांना ह्या उत्साहाचं नवल वाटे. ‘गाडगीलजी मतलब योजना आयोगवाले?’ असं त्यांनी विचारलं. वडिलांनी सांगितलं, की योजना आयोगाचे उपाध्यक्ष ते धनंजयराव, अर्थशास्त्रज्ञ, ते आता हयात नाहीत. हे गंगाधरराव, कथाकार. ‘तो ये अर्थशास्त्री नहीं हैं?’ तर तसंही म्हणता येईना, कारण गंगाधररावही अर्थशास्त्राचेच प्राध्यापक. मग वडिलांनी गंगाधररावांच्या विनोदी कथांतल्या बंडूची ओळख करून द्यायला घेतली, आणि त्या गडबडीत बंडू हा गाडगीळांचा मुलगा असावा अशी अग्रवालांची समजूत झाली. संमेलन संपल्यावरही ते कधीमधी विचारत, ‘वो बंडूजी का कैसा चल रहा है?’ वडील म्हणत, ‘मजेत आहे.’ पुढे मंचावर उभी राहून मी इतके परिचय करून दिले, पण ज्याची ओळख करून दिली त्याची खुशाली नंतर वर्षानुवर्षं कोणी विचारावी, असा एकही मला साधला नाही.

जयंत नारळीकरांची गोष्ट ह्याच्या नेमकी उलटी. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने. जयंत विष्णू नारळीकर ह्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की हा जगताप तयार होतो. त्या वेळी हॉइल-नारळीकर सिद्धान्तामुळे हे नाव घरोघरी पोचलेलं होतं, पद्मभूषणही मिळून गेलं होतं. नाव वाचलं असतं तर परीक्षकांच्या हातून गुण आपोआप सांडले असते. म्हणून त्यांनी आपला सगळा परिचय दाराबाहेर काढून ठेवला आणि आत फक्त गोष्ट पाठवली. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. मला ह्यात बक्षिसापेक्षा तो जगताप आवडतो. ना पदवी, ना केंब्रिज; पत्त्यापुरता जन्मलेला आणि निकाल लागताच नाहीसा झालेला एक सज्जन. नारळीकरांच्या व्याख्यानांना पुढे मुलांची झुंबड उडायची आणि प्रत्येकाला सही हवी असायची. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती अशी: सही इथे मिळणार नाही, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही असेलच. सही हवी असेल तर आधी काहीतरी न कळायला हवं, अशी ती गोड अट होती. मुलं किती रात्री प्रश्न शोधत बसली असतील, ह्याचा विचार करत मीही कधी कधी बसते. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या मंडळात शोकसभा झाली. तिथे त्यांचा परिचय करून द्यायची वेळ माझ्यावर आली, आणि तो कुठे संपवावा हे मला ठरवता येईना.

जनसहभागिता ह्या शब्दाला परिषदांमध्ये एक स्वतंत्र सत्र दिलेलं असतं, बहुधा जेवणानंतरचं. ह्या सत्रात वातानुकूलनाची हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं घट्ट लावलेली असतात, आणि लोकांपर्यंत विज्ञान कसं न्यावं ह्यावर मन लावून चर्चा चालते. बाहेर मांडवाच्या सावलीत आचारी, गालिचेवाला, माइकवाला, पाहुण्यांचे ड्रायव्हर असे लोक आलूगुंडे खात बसलेले असतात. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच, फक्त अंगाने अधिक सुखवस्तू. दारातून आत-बाहेर करायची मुभा फक्त चहावाल्या मुलाला. एका बीजभाषणानंतर मी त्याला विचारलं, ‘कसं वाटलं रे भाषण?’ त्याने ट्रे सावरत प्रामाणिकपणे सांगितलं, ‘समझ म नइ आइस, फेर बने बोलिस.’ कळलं नाही, पण बोलला छान. आत बसलेल्या आम्हा सगळ्यांचा अभिप्राय ह्यापेक्षा वेगळा नव्हता, पण आम्ही तो अभिप्राय-पत्रकावर ‘अत्यंत प्रेरणादायी’ असा लिहिला. मला अशा वेळी विदर्भातले गाडगेबाबा आठवतात. तेही वक्तेच, आणि स्वच्छता, शिक्षण, कर्ज काढून सण न करणं हे त्यांचे विषय कुठल्याही परिषदेला शोभले असते. पण ते गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. सकाळी हा कोण वेडा म्हणून ज्याच्याकडे पाहिलं, तोच रात्री बोलायला लागला की गावाची काय अवस्था होत असेल! परिचय झालेला असायचा, आणि तो त्यांच्या खराट्याने करून दिलेला असायचा. कीर्तनातही ते समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर येईपर्यंत थांबत. आमच्याकडे शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारतात आणि तिकडे जेवणाची भांडी वाजायला लागतात.

खुद्द रायपूरने असा एक माणूस पाहिला आहे, आणि त्याचा फोटो मला कुठल्याच फलकावर कधी दिसला नाही. डॉ. राधेलाल रिछारिया. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक होते. बाहेरून येणाऱ्या नव्या वाणांबरोबर रोगही येतील, जरा तपासून घ्या, असं म्हणत राहिले आणि साठच्या दशकात त्यांना ती जागा सोडावी लागली. मग 1971 च्या सुमारास मध्य प्रदेश सरकारने त्यांना इकडे बोलावलं, आणि रायपूरजवळच्या बरोंडा इथे भाताच्या संशोधनाचं काम उभं राहिलं. पाच-सहा वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्तीसगढच्या गावागावांतून भाताचे सतरा-अठरा नव्हे, तब्बल 19,000 च्या आसपास नमुने गोळा केले. मग ती संस्था बंद झाली. का झाली हे मोठं आणि कडू प्रकरण आहे, त्यात जागतिक बँकेचंही नाव येतं. ते ह्या हलक्या लेखात मावणार नाही. पण ते नमुने कसे गोळा झाले असतील, ह्यावर मी अनेकदा रेंगाळते. पाहुणा ओसरीवर बसतो, घरचा माणूस कणगीतून मूठभर धान काढून त्याच्या ओंजळीत ओततो, आणि मग परिचय सुरू होतो. हे दुबराज, ही लुचई, हा गुरमटिया, हा चिन्नौर. हे किती दिवसांत निसवतं, कुठल्या जमिनीत येतं, भाटा की मटासी, डोरसा की कन्हार. हे कोणाच्या माहेरून आलं. ह्याचा भात लेकरांना, ह्याचा आजाऱ्याला, ह्याच्या लाह्या बऱ्या होतात. कुठल्याही बायोडेटात नसतो इतका नेमका, इतका जिव्हाळ्याचा परिचय. आणि देशातला मोठा भातशास्त्रज्ञ समोर बसून तो ऐकतोय. ह्या प्रसंगात वक्ता कोण आणि श्रोता कोण, हे आयोजकांना निमंत्रणपत्रिकेवर छापताच आलं नसतं.

तो सगळा ठेवा पुढे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. 2002 च्या अखेरीस सिंजेंटा नावाच्या परदेशी कंपनीशी त्यावरून करार होण्याच्या बेतात होता, तेव्हा रायपुरात एवढी ओरड झाली की कंपनीने माघार घेतली. शेतकरी, विद्यार्थी, वर्तमानपत्रवाले, एरवी भाताचा एकच प्रकार ओळखणारे आम्ही शहरी लोक, सगळेच त्या दिवसांत बियाण्याविषयी बोलत होते. जनसहभागिता म्हणतात ती हीच असावी, पण तेव्हा कोणी तिचं सत्र घेतलं नव्हतं, आणि प्रमाणपत्रही कोणाला मिळालं नाही.

गेल्या माघात अशाच एका परिषदेला पुण्याहून एक वनस्पतिरोगतज्ज्ञ आले होते. त्यांचा बायोडेटा अकरा पानी होता, आणि मी तो पाच मिनिटांत बसवला म्हणून आयोजकांनी मला वेगळं रोपटं दिलं. परिचय चालू असताना ते पाण्याची बाटली वाचत होते. भाषण वीस मिनिटांचं, पडद्यावर आलेखांची पंचवीस-तीस चित्रं. शेवटची दहा त्यांनी ‘हे तुम्ही नंतर बघा’ म्हणत पळवली. मग शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, आणि संध्याकाळचं विमान. पुढचं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. गाडी आझाद चौकातून निघाली आणि ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, ‘साहब, तुमन का काम करथव?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. उत्तर नेहमी आधीच कागदावर पोचलेलं असे. त्यांनी संस्थेचं नाव सांगितलं. ड्रायव्हर गप्प. पद सांगितलं. गप्प. जयस्तंभ चौकातल्या सिग्नलला त्यांनी विषयाचं नाव हिंदीत सांगून पाहिलं. घडी चौकापर्यंत पोचताना त्यातले अर्धे शब्द गळाले, तेलीबांधा तलावापाशी आणखी थोडे, आणि गाडी व्ही. आय. पी. रोडला लागली तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून एक वाक्य धड बाहेर पडलं: ‘भाताच्या पानावर डाग का पडतात ते मी बघतो.’ ‘झुलसा!’ ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडीचा वेग निम्मा केला. ‘हमर खेत म घलो आय रिहिस.’ आमच्याही शेतात आला होता. त्याचं गाव धमतरीकडचं, नगरीच्या बाजूचं. तिथल्या दुबराजाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता. कुठल्या बांधापासून डाग सुरू झाले, कोणत्या नक्षत्रात ढग धरले होते, शेजाऱ्याने युरिया जास्त टाकला आणि त्याचं काय झालं, हे सगळं त्याने विमानतळ येईपर्यंत सांगितलं. पुण्याच्या पाहुण्यांनी बोर्डिंग पासच्या मागे टिपणं घेतली. बगळे काढले नाहीत.

विमानात हातसामानातून नारळ नेऊ देत नाहीत. त्यामुळे रायपूरला आलेल्या वक्त्यांची श्रीफळं शेवटच्या क्षणी ड्रायव्हरच्या हातात येतात. हा आमचा ड्रायव्हर सगळ्या परिषदांना असतो, तेव्हा त्याच्या घरी हिवाळाभर चटणीची ददात नाही. त्याचं निरीक्षणही आहे: इंजिनिअरिंगवाल्यांचे नारळ सुके निघतात आणि मॅनेजमेंटवाल्यांच्या नारळात पाणी फार. धानवाल्या साहेबांच्या नारळाचं काय झालं, असं मी विचारलं तेव्हा तो जरा लाजला. तो फोडलाच नव्हता. एवढा मोठा झुलशाचा जाणकार माणूस, त्याच्या हातचा नारळ म्हणून बायकोने गावी नेऊन तो देवापुढे ठेवला होता, येत्या खरिपात झुलसा येऊ नये म्हणून. मला हसू आलं, आणि हे पुण्याला कळवावं की नाही असंही वाटलं. उगाच त्या सभ्य माणसाला अकरा पानांवर पाणी पडल्यासारखं व्हायचं. पण भादव्यात त्यांचाच फोन आला, बोलता बोलता विषय निघाला आणि मी सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

‘मग?’ त्यांनी विचारलं. ‘आला का ह्या वर्षी?’

मी म्हटलं, ड्रायव्हरला विचारून कळवते.